साडेनऊ बोटांचे गुरुजी

मेघाचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. वैशाखात मांडव उभा राहिला, मेघा सेलूला नांदायला गेली, आणि मांडवाचे बांबू अजून परसात आडवे पडलेले असतानाच एका श्रावणातल्या सकाळी तिचा बाप, लहानू थूल, ओट्यावर चहा पिता पिता भिंतीला टेकला तो टेकलाच. कप हातातून पडलासुद्धा नाही. दुपारी मेडिकल कॉलेजची गाडी त्याला न्यायला सिंदी मेघे गावाच्या त्या बारक्या गल्लीत आली आणि मागे वळायला जागा नाही म्हणून तशीच उलटी निघून गेली. भागीरथाच्या मनात ते चित्र कायमचं राहिलं. नवरा तिच्याकडे तोंड करून, मागे मागे सरकत, लहान लहान होत गेला.

लहानूने छत्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढली होती. हंगामभर तो रुईत बुडालेला असायचा. संध्याकाळी घरी आला की भागीरथा त्याला ओट्यावरच उभं करायची आणि गमछाने झोडपून काढायची, तेव्हा कुठे त्या पांढऱ्या गोळ्यातून काळा माणूस बाहेर निघायचा. डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट मशीनने अर्ध्यावरून नेलं होतं. त्याचं त्याला दुःख नव्हतं. नवा माणूस भेटला की हात पुढे करून म्हणायचा, "मोजून घ्या. साडेनऊ."

शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं, पण शाळेचं वेड मोठं. रत्नदीप आणि मेघा लहान असताना त्यांच्यापुढे छडी घेऊन बसायचा. "सांग पाहू" म्हणायचा. पोरगं उत्तर द्यायचं. उत्तर बरोबर की चूक हे त्याला काय कळणार? तो पोराच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "चूक हाये." बहुतेक वेळा चूकच असायचं.

एका बुद्धपौर्णिमेला विहारात एक डॉक्टर देहदानावर बोलायला आले होते. बोलणं संपल्यावर सगळे खाली मान घालून बसले. लहानू मात्र उभा राहिला. "माह्यं नाव घ्या साहेब. जितेपणी शाळेनं घेतलं नाई, मेल्यावर तं कालेजात जातो." अख्खा विहार हसला. भागीरथाही पदर तोंडाला लावून हसली. त्याने फॉर्मवर अंगठा लावला, साक्षीदार म्हणून तिनेही लावला. दोघांचे अंगठे एकाच कागदावर निळे उमटले.

त्या अंगठ्याप्रमाणे सगळं झालं. चिता नाही, राख नाही, नदीवर जाणं नाही. कॉलेजच्या एका हॉलमध्ये फुलं वाहिली, वंदना झाली. एक तरुण मॅडम हात जोडून म्हणाल्या, "आजपासून हे आमच्या मुलांचे पहिले गुरुजी आहेत." त्या दिवशी भागीरथा काहीच ऐकत नव्हती. हे एक वाक्य मात्र कानात शिरलं, आणि शिरलं ते तिथेच बसून राहिलं.

नंतरचे दोन-तीन महिने तिने अन्नाला शिवल्यासारखं केलं आणि ताट सरकवलं. "भूक नाई" म्हणायची. "काय होते आई?" असं रत्नदीपने विचारलं तर "गमत नाई" म्हणायची. रत्नदीप पंचायत समितीत बाबू होता. घरातलं दुःखसुद्धा अर्ज आल्यासारखं तो बाजूला ठेवून द्यायचा. त्याची बायको पौर्णिमा सासूच्या तोंडात घास घालायची आणि तो घास कितीतरी वेळ तिथेच राहायचा. मेघाच्या लग्नातलं ब्लाऊज अंगावर पोत्यासारखं लोंबायला लागलं.

दिवाळीनंतर पुढची खोली भाड्याने दिली. सुरभी नावाची मुलगी आली, सांगलीकडची, डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला. आठ-दहा दिवसांनी ती संध्याकाळी कॉलेजातून आली तेव्हा हातावर पांढरा कोट घडी करून टाकलेला होता. ओट्यावर बसलेल्या भागीरथाने त्या कोटाकडे पाहिलं. तिथून काय झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "काय शिकवलं वं आज गुरुजीनं?"

"कोणते गुरुजी, आजी?"

"आमचे. तुह्या कालेजात हायेत ना. अवंदाच लागले."

सुरभीने दारात उभ्या असलेल्या पौर्णिमेकडे पाहिलं. भिंतीवर फोटो होता, हार होता, आणि शेजारी कॉलेजने दिलेलं आभारपत्र. मुलगी हुशार होती. तिला समजलं. पण ती म्हणाली, "आज... आज खांदा शिकवला."

"खांदा होय," भागीरथा म्हणाली. "खांद्याचं त्यायले चांगलं माहीत. कापसाच्या गठाणी उचलल्या ना जलमभर." मग ती उठली, आत गेली आणि पौर्णिमेला म्हणाली, "भाकर वाढ वं."

तेव्हापासून ते रोजचं झालं. सकाळी दहाला भागीरथा फाटकाशी उभी राहायची, सुरभीबरोबर आणखी कोणी निघाल्यासारखी दोघांना पुरेल इतकी नजर रस्त्याला लावायची. पाचला चहा टाकायची. पोरगी आली की विचारायची, आणि पोरगी सांगायची.

दुपारी जेवण झाल्यावर भागीरथाला डुलकी लागायची. सीताफळीची सावली ओट्यावर सरकत यायची आणि त्या सावलीत तिला ते कॉलेज दिसायचं. एक मोठं पांढरं जिन, लहानूच्या कारखान्यासारखं. छतातून हळूहळू रुई गळते आहे. पांढऱ्या कोटातली पोरं-पोरी गठाणींसारखी रांगेने बसली आहेत. पुढे फळ्यापाशी लहानू उभा. "सांग पाहू," तो म्हणतो. पोरगी उत्तर देते. तो तिच्या चेहऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "चूक हाये." सगळी पोरं हसतात. त्याच्या डोक्यावर रुई होती की खडूची पूड, हे भागीरथाला कधी ठरवता आलं नाही. जाग यायची तेव्हा ओठांवर हसू असायचं, आणि पदरावर खरंच कुठून तरी उडत आलेली सावरीची म्हातारी बसलेली असायची.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी सुरभी पळतच आली. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"आजी, आज हात झाला! काय सांगू तुम्हाला. आत दोऱ्या असतात, कठपुतळीला असतात ना तशा. मनगटापाशी एक ओढली की एक बोट वाकतं, दुसरी ओढली की दुसरं. मी स्वतः ओढून बघितल्या. पाचही बोटं नमस्कार केल्यासारखी वळली!"

"पाची?" भागीरथाने विचारलं.

"पाचही. दोन्ही हातांची."

चुलीवरचा, म्हणजे गॅसवरचा, चहा उतू गेल्याचा आवाज आला. भागीरथा उठून आत गेली. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला आणि ते पातेलं मोरीत नेऊन घासायला बसली. चहाचं पातेलं, त्यात घासण्यासारखं कितीसं असतं? पण ती बराच वेळ घासत राहिली. पौर्णिमा म्हणाली, "आई, भोक पडेल त्याले." तेव्हा ती थांबली. बाहेर येऊन सुरभीला म्हणाली, "मंग? उद्या काय शिकवतीन गुरुजी?"

त्यानंतरही ती रोज विचारत राहिली. पाय झाला, पोट झालं, काळीज झालं. सगळ्याबद्दल विचारायची. हाताबद्दल मात्र पुन्हा कधी नाही. आणि दुपारच्या डुलकीत एक लहानसा फरक पडला. लहानू फळ्यापुढे तसाच उभा राहायचा, तसाच हसायचा, पण डावा हात पाठीमागे ठेवायचा.

गल्लीला हे सगळं माहीत झालं होतं. समोरच्या घरातले पुंडलिकराव लहानूचे जिनिंगमधले सोबती. दोघांनी बरोबर गठाणी उचलल्या, बरोबर रिटायर झाले. ते फाटकाशी थांबून चिडवायचे.

"काय वं वहिनी, गुरुजी पर्मनंट झाले का नाई?"

"तुमच्यासारखे तं नाई ना भाऊजी, रोजंदारीवर!"

"माह्या नातवाचं नाव लाव म्हना त्यायले तिथी. वशिला हाये आता आपला."

"आंधी त्याले धाव्वी तं पास होऊ द्या."

पुंडलिकराव हसत हसत पुढे जायचे आणि वळणावर गमछाने डोळे पुसायचे. भागीरथा ते बघायची, आणि धूळ गेली असेल असं स्वतःला सांगायची.

एकदा पुंडलिकरावांनीच नकळत तिला कामाला लावलं. विहारात देणगीच्या वहीवर तिने अंगठा लावला तेव्हा ते म्हणाले, "गुरुजीची बायको अन् अंगठा लावते का वं?" मस्करीच होती. पण भागीरथाला ती खरोखर लागली. विहारात दुपारी बायांचा साक्षरता वर्ग भरायचा, पौर्णिमाच शिकवायला जायची. दुसऱ्या दिवशी चौसष्ट वर्षांची भागीरथा पाटी घेऊन सुनेपुढे जाऊन बसली.

"आई, तुमी?"

"आई घरी. इथी बाई म्हन अन् शिकव."

त्या विहाराला पाच पंखे होते. पाचही पंखे कोणी ना कोणी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने दिलेले. पात्यांवर लाल रंगात लिहिलेलं असायचं, कालकथित अमके, त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ. पंखे फिरत तोवर पात्यांच्या जागी नुसतं एक लालसर वर्तुळ दिसायचं. उन्हाळ्यात दुपारी लाइट जायची. मग वर्तुळ मंद व्हायचं, पाती वेगळी व्हायची, आणि एकेक नाव छतातून खाली उतरत असल्यासारखं दिसायला लागायचं. पौर्णिमा म्हणायची, "चला, पाट्या ठेवा. वर पाहून वाचा." बाया माना वर करून मोठमोठ्याने वाचायच्या, का, ल, क, थि, त. कोणाची सासू, कोणाचा भाऊ. हवा बंद, घामाच्या धारा, आणि सगळ्या बाया छताकडे बघत मेलेल्यांची नावं शिकताहेत. लाइट आली की पाती पुन्हा फिरायची आणि नावं विरघळून जायची.

भागीरथाला त्या वेळी बरं वाटायचं. जून संपेतो ती हळूहळू वाचायला लागली, आणि आपलं नाव लिहायला तर चांगलीच शिकली. अंगावर मांस चढलं होतं. रात्रीची झोप लागत होती.

त्याच सुमारास एका सकाळी ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. बाहेरच्या खोलीत रत्नदीप पौर्णिमेशी हळू आवाजात बोलत होता. हळू बोलणाऱ्यांचं बोलणं स्वयंपाकघरात जास्त ऐकू येतं.

"मी काल डॉक्टरले भेटून आलो. मनाच्या."

"आईसाठी? सांगितलं नाई तुमी."

"सगळं सांगितलं त्यायले. थे म्हने, जेवतात का? जेवते म्हटलं. झोपतात का? झोपते. मंग म्हने, कोनी म्हटलं का तुमचा मानूस वारला, तं भांडतात का? म्हटलं नाई. थे नाव निघालं का काई तरी काम काढते, उठून जाते. तं डॉक्टर म्हने, मंग त्यायले माहीत आहे. ज्याले माहीत नसते थो भांडते. ज्याले माहीत असते थो उठून जाते. म्हने, थांबा. त्यायले ज्या दिवशी पेलेल त्या दिवशी त्याच सांगतील."

पौर्णिमेने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "अन् तुमी ऑफिसले बायपासनं काऊन जाता आजकाल? कालेजचा रस्ता जवळचा हाये."

"तिकडं ट्रॅफिक राहते," रत्नदीप म्हणाला.

आत भागीरथाने ताटातले तांदूळ जोरजोराने पाखडायला सुरुवात केली.

ऑगस्ट लागला. पहिला स्मृतिदिन आठ दिवसांवर आला. भागीरथासमोर कोणी बोलत नव्हतं, पण घराला कुजबुज सुटली होती, विहाराला द्यायच्या पंख्याची. एका दुपारी ती वर्गातून आली तर टेबलावर वहीचं एक पान होतं, त्यावर पाणी पिऊन झालेला पेला. पेल्याखाली रत्नदीपचं अक्षर. पूर्वी घरात असे कितीतरी कागद पडलेले असायचे आणि ते तिच्याशी बोलत नसत. आता नजर पडली की अक्षरं आपणहून बोलायची, गप्प बसा म्हटलं तरी. तिने पेला उचलला.

कालकथित. हा शब्द तिला एका दमात वाचता आला. पंख्यांनी शिकवलेला. त्याच्यापुढे ल होता. ह, त्याला काना. नू.

ती खाली बसली. गुरुजीची बायको अडाणी दिसू नये म्हणून ती शिकली होती, आणि त्या शिकण्याने हे पान तिच्या हातात ठेवलं होतं. तिने त्या पानाची घडी केली आणि तांदळाच्या डब्यात अगदी खाली खुपसली. रत्नदीप आला, शोधलं, पौर्णिमेवर चिडला, टेबलाखाली वाकून बघितलं. भागीरथा बघत राहिली. त्या रात्री तिने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही. पौर्णिमेने ते ताट झाकून ठेवलं. पुन्हा तेच दिवस येतात की काय?

तिसऱ्या दिवशी दुपारी भागीरथाला डुलकी लागली, पण ते जिन काही दिसलं नाही. नुसती रुई गळत होती, आवाज नाही, फळा नाही. ती हाका मारत होती, पण कोणत्या नावाने हाक मारायची तेच आठवत नव्हतं. उभ्या जन्मात तिने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. रत्नाचा बाप म्हणायची, आणि गेलं वर्षभर गुरुजी. त्या पांढऱ्यात दोन्ही हाका कुठेच पोचत नव्हत्या.

जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. सुरभी येऊन आपल्या खोलीत गेलेली. ओट्यावर थांबली नव्हती. असं कधी झालं नव्हतं. भागीरथाने चहा केला आणि कप घेऊन स्वतःच गेली. पोरगी पलंगावर बसली होती. पांढरा कोट मांडीवर, डोळे सुजलेले.

"काऊन वं? कोनी बोललं का?"

"नाही आजी. आज संपलं. शेवटचा दिवस होता. सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहून फुलं वाहिली, डोकं टेकवलं. उद्यापासून ते टेबल नाही."

"मंग उद्या गुरुजी..."

"उद्या," सुरभी म्हणाली आणि अडखळली. मग घाईघाईने बोलायला लागली, "उद्यापासून त्यांना सुट्टी. मग नवीन मुलं येतील ना, त्यांना शिकवतील. म्हणजे दर वर्षी नवी बॅच येते, त्यामुळे..." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. तरी ती बोलतच राहिली.

भागीरथा तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. एकोणीस वर्षांची पोर. आईबापांपासून इतकी लांब. वर्षभर एका माणसाच्या मरणाशेजारी उभं राहून शिकली, आणि घरी आल्यावर दुसऱ्या माणसाचं मरण लपवत बसली. आज तिला रडायचं होतं आणि त्याऐवजी ती सुट्ट्यांचा हिशेब सांगत होती. भागीरथाला एकदम दिसलं की आपण गेलं वर्षभर जे जपलं, त्याचा भार आपल्या डोक्यावर नव्हताच. तो ह्या पोरीच्या डोक्यावर होता. आणि भार उचलणाऱ्यांची भागीरथाला पारख होती. मान कशी ताठते, ओठ कसे मिटतात, ते तिने छत्तीस वर्षं पाहिलं होतं.

"चूक हाये," ती म्हणाली.

"काय?"

"तू सांगून राह्यली थे. चूक हाये. तुह्या टेबलावर रत्नाचा बाप नव्हता."

सुरभीने कप खाली ठेवला.

"त्याच्या डाव्या हाताले साडेचारच बोटं होते. तू आली अन् पाची बोटं वळले म्हने. दोन्ही हाताचे. मले त्याच दिवशी समजलं."

"जानेवारीत?" सुरभी कशीबशी म्हणाली. "आजी, म्हणजे तुम्हाला तेव्हापासून... मग तुम्ही रोज का विचारत होता?"

"तू सांगत होती म्हनून."

"तुम्ही विचारत होता म्हणून मी सांगत होते!"

भागीरथा तिच्या शेजारी पलंगावर टेकली. मग सुरभी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आजी, आणखी एक आहे. आमच्या टेबलावर... त्या बाई होत्या. म्हातारी बाई. तुमच्याएवढी."

भागीरथाने डोळे मोठे केले. "बाई होती?"

"हो."

"म्हंजे सालभर मी गुरुजी गुरुजी करून राह्यली, अन् शिकवत होती बाई!"

आधी हसू भागीरथालाच आलं. तोंडाला पदर लावायचा राहून गेला. ते हसू पाहून सुरभीलाही आलं, आणि हसता हसता दोघी कधी रडायला लागल्या ते दोघींनाही कळलं नाही. भागीरथाने पोरीला मांडीवर घेतलं. श्रावणापासून श्रावणापर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता ते थांबेना.

बऱ्याच वेळाने सुरभी डोळे पुसत म्हणाली, "बाकीच्या टेबलांवर कोण होतं ते मी बघितलं नव्हतं. आता विचारू का कोणाला? बोटावरून कळेल."

भागीरथाने विचार केला. बाहेर ओट्यावरची सावली सीताफळीला परत गेली होती.

"नोको," ती म्हणाली. "कोन्या तरी टेबलावर असंनच. कोन्या तरी पोरानं मोजले असतीन त्याचे बोटं. थो मेला हाये, अन् तिथीच हाये. मले एवढं पुरे."

मेला हा शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला. छत कोसळलं नाही. सुरभीने चहा पिऊन टाकला, तो गार झाला होता.

त्या रात्री भागीरथा दोन भाकरी जेवली, अंबाडीच्या भाजीशी. आणि पहाटेच्या झोपेत तिला ते पांढरं जिन पुन्हा दिसलं. बाकं रिकामी, पोरं घरी गेलेली. लहानू फळा पुसत होता. तिला बघून त्याने पाठीमागचा डावा हात पुढे आणला आणि उघडून दाखवला. मोजून घे, असा. तिने मोजली. मग त्याने नेहमीसारखं ओट्याच्या कडेला उभं राहून डोकं वाकवलं, आणि तिने गमछा घेऊन त्याच्या अंगावरची रुई झाडायला सुरुवात केली. झाडत राहिली. रुई उडत राहिली. ह्या वेळी आतून माणूस निघाला नाही. रुई संपली तेव्हा हातात नुसता गमछा होता, आणि ती घाबरली नाही.

सकाळी तिने तांदळाचा डबा उपडा केला. पान काढलं, झटकलं, मागची कोरी बाजू वर केली आणि रत्नदीपचा पेन घेऊन टेबलाशी बसली. रत्नदीप ऑफिसचे कपडे घालून बाहेर आला आणि दारातच थांबला. पौर्णिमा पोळपाट तसंच टाकून आली. पेन कागदावर इतका दाबला जात होता की टेबल हलत होतं. एका ठिकाणी तिने पौर्णिमेकडे न बघता विचारलं, "ऑगस्टले वर चंद्र येते ना वं बाई?"

"येते," पौर्णिमा म्हणाली.

लिहून झाल्यावर तिने ते पान रत्नदीपपुढे केलं. "हे रुपेश पेंटरले देजो. पंख्यावर माह्या अक्षरासारखंच काढ म्हना."

"आई, कालकथित राह्यलं."

"थे सगळ्याइच्या पंख्यावर हाये. मी लिवलं थे वाच."

रत्नदीपने वाचायला सुरुवात केली. पहिल्या नावालाच त्याचा आवाज गेला आणि तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला, ऑफिसच्या इस्त्रीच्या कपड्यांत. भागीरथाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कागद परत आपल्या हातात घेतला आणि एकेका अक्षराखाली बोट फिरवत, वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचलं:

लहानू शिवराम थूल वारले. मंगळवार, नऊ ऑगस्ट, दोन हजार बावीस.